आपलंच वाकून बघणारं शहर

(चळवळीच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



या अभ्यासवर्गात माझ्या आधी वकील बोलले, प्राध्यापक बोलले, तीस-तीस वर्षं काम केलेले कार्यकर्ते बोलले. मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. भाषणाची सवय नाही, म्हणून कागद घेऊन उभा आहे. कंपनीच्या कामासाठी मी तीन महिने बर्लिनमध्ये होतो. आठवडाभर ऑफिस, आणि शनिवार-रविवार ओळखीचं कुणी नाही. मग बूट घालायचे आणि चालायला लागायचं. संयोजक म्हणाले, त्या चालण्याबद्दलच बोल. तेव्हा बर्लिन मी पायी कसं पाहिलं ते सांगतो. ते बघताना मला आमच्या घरातली एक गोष्ट सारखी आठवत होती. ती शेवटी सांगणार आहे, कारण ती सांगायला मला अजून जड जातं.

मी राहायला होतो क्रॉयझबर्ग भागात. तिथे तुर्की लोकांची मोठी वस्ती आहे. खाली बेकरी, समोर भाजीवाला, दोघेही तुर्की. पहिल्या दिवशी सकाळी मी दाराबाहेर पडलो आणि पायाखाली काहीतरी चमकलं. फूटपाथच्या करड्या दगडांमध्ये चार पितळी चौकोन बसवलेले होते, प्रत्येकी तळहाताएवढा. वर अक्षरं ठोकलेली. मोबाइलमध्ये भाषांतर करून वाचलं. पहिली ओळ होती, ‘इथे राहत होता.’ खाली नाव, जन्माचं साल, कधी नेलं ते साल, आणि शेवटी आउशवित्झ. चारही दगडांवर एकच आडनाव होतं. शेवटच्या दोन दगडांवरच्या सालांची मी वजाबाकी केली. एक मूल नऊ वर्षांचं होतं, दुसरं पाच.

ज्या दारातून मी चहा पिऊन बाहेर पडलो होतो, त्याच दारातून त्या मुलांना नेलं होतं.

या दगडांना जर्मनमध्ये ‘श्टॉल्परश्टाइन’ म्हणतात, म्हणजे ठेच लागावी असा दगड. गुंटर डेमनिग नावाच्या कलाकाराची ही कल्पना. दहा सेंटिमीटर लांब, दहा सेंटिमीटर रुंद. एक माणूस, एक दगड. ज्या घरात तो माणूस शेवटचा स्वतःच्या मर्जीने राहिला, त्या घरासमोर दगड बसवायचा. बर्लिनमधले पहिले दगड १९९६ साली याच क्रॉयझबर्गमध्ये बसले, तेही सरकारी परवानगी न घेता. आज युरोपभर असे एक लाखाहून जास्त दगड आहेत. त्यांचा खर्च साधी माणसं उचलतात. कुठे शाळेतली मुलं वर्गणी काढतात, कुठे इमारतीतले भाडेकरू जुनी कागदपत्रं शोधून काढतात की आपल्या खोलीत आधी कोण राहत होतं. वर्षातून एकदोनदा लोक गुडघ्यावर बसून ते पितळ घासून लख्ख करतात.

दगडावरची अक्षरं बारीक आहेत. वाचायची तर कमरेत वाकावं लागतं, आपण रुकूमध्ये वाकतो तसं. आणि मला आपली मराठी म्हण आठवली: आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून. इथे माणसं आपलंच वाकून बघत होती. पुढे तीन महिने मी जे काही पाहिलं, त्याला हे एक वाक्य पुरेल.

आता प्रसिद्ध ठिकाणांकडे येतो. बर्लिन पायी बघायचं तर सुरुवात ब्रांडेनबुर्ग दरवाजापासून करावी. अठराव्या शतकाच्या शेवटी बांधलेली ही भव्य कमान. वर चार घोड्यांचा रथ. सगळे पर्यटक तिथे फोटो काढतात, मीही काढला. त्या दरवाजाला पाठ करून दक्षिणेला पाच मिनिटं चाललं की एक मोठं मोकळं मैदान लागतं आणि त्यावर काँक्रीटचे करडे ठोकळे. मोजून २,७११. कडेचे ठोकळे गुडघ्याएवढे आहेत. आत जावं तशी जमीन खाली उतरत जाते आणि ठोकळे डोक्याच्या वर जातात. शहराचा आवाज बंद होतो. नाझींनी मारलेल्या युरोपातल्या ज्यूंचं हे स्मारक, २००५ साली खुलं झालं. वास्तुरचना पीटर आयझेनमन यांची.

रस्ता ओलांडून बागेत शिरलं की समलिंगी लोकांवर झालेल्या छळाचं स्मारक आहे, ते २००८चं. तिथून वर संसदेच्या इमारतीकडे जाताना एक काळं, गोल तळं दिसतं. मध्ये त्रिकोणी दगड आणि त्यावर एक फूल. हे फूल रोज बदलतात. सिंती आणि रोमा, म्हणजे ज्यांना जिप्सी म्हणून हिणवलं जायचं, त्यांच्या बळींसाठी हे २०१२ साली झालं. रोमा लोकांचे पूर्वज भारतातून गेले हे तुम्हाला माहीत असेलच. मी तिथे बराच वेळ बसलो.

या तिन्ही जागा देशाच्या संसदेपासून चालत दहा मिनिटांच्या आत आहेत. राजधानीच्या ऐन मध्यात राज्यकर्ते आपल्या विजयाच्या खुणा उभारतात. तशा बर्लिनमध्येही आहेत. पण त्याच मध्यावर ‘आम्ही मारलं’ हे सांगणारी एवढी जमीन एखाद्या देशाने राखून ठेवलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो.

पुन्हा दरवाजाकडे येऊन पूर्वेला चालायचं. हा रस्ता लिंडेन झाडांच्या सावलीचा. पंधरा मिनिटांवर डाव्या हाताला हुम्बोल्ट विद्यापीठ. हे शहर आपल्याला अगदीच परकं नाही. आपले तिसरे राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांनी १९२२ ते १९२६ या काळात इथे अर्थशास्त्रात डॉक्टरेट केली. अभ्यास करता करता गालिबचा दीवानही त्यांनी बर्लिनच्या छापखान्यात छापून घेतला. राममनोहर लोहियांची डॉक्टरेटही याच विद्यापीठाची.

विद्यापीठासमोर एक चौक आहे, बेबेलप्लात्झ. चौकाच्या फरशीत मध्येच एक काच बसवली आहे. वाकून खाली पाहिलं की पांढऱ्या रंगाची खोली दिसते. चारी भिंतींना पुस्तकांची कपाटं, आणि ती सगळी रिकामी. सुमारे २०,००० पुस्तकं मावतील एवढी जागा. १० मे १९३३च्या रात्री याच चौकात साधारण तेवढीच पुस्तकं जाळली गेली. मिखा उलमन या कलाकाराने १९९५ साली ही रिकामी लायब्ररी केली.

इथे दोन गोष्टी मला लागल्या. पहिली म्हणजे, पुस्तकं जाळणाऱ्यांत विद्यार्थी संघटना पुढे होत्या. हातात मशाली घेतलेली ती मुलं शिकलेली होती, नामांकित विद्यापीठातली होती. शिक्षण वाढलं की समाज आपोआप सुधारेल, असं मला इंजिनियरिंगला असताना ठामपणे वाटायचं. त्या काचेवर उभं राहून ते वाटणं टिकत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे, काचेजवळ कवी हाइन यांच्या एका नाटकातलं वाक्य धातूच्या पाटीवर आहे. पुस्तकं जाळणारे शेवटी माणसांपर्यंत पोचतात, असा त्याचा आशय. जगभर ते वाक्य नाझींच्या संदर्भात सांगितलं जातं. पण हाइन नाझींच्या शंभर वर्षं आधीचे. त्यांचं ते नाटक, ‘अल्मान्सोर’, आहे स्पेनमधल्या ग्रानाडाच्या मुसलमानांवर. ते वाक्य म्हणणारं पात्र हसन नावाचा मुसलमान आहे, आणि त्याच्यासमोर विषय आहे ख्रिस्ती राज्यकर्त्यांनी कुरआन जाळल्याचा. ज्यू घरात जन्मलेल्या एका जर्मन कवीने मुसलमानांचं दुःख समजून घेऊन लिहिलेलं हे वाक्य. पुढे त्याच चौकात त्या कवीचीही पुस्तकं जळली.

बर्लिनची भिंत तुम्हाला ठाऊक आहे. १३ ऑगस्ट १९६१ला एका रात्रीत शहर तारेने कापलं आणि ९ नोव्हेंबर १९८९ला ती सीमा उघडली. आता भिंतीचे थोडेच तुकडे शिल्लक आहेत. पण जिथे ती होती तिथे रस्त्यात दगडांची दुहेरी ओळ बसवली आहे. चालताना दिवसातून चार वेळा आपण ती ओलांडतो आणि प्रत्येक वेळी पाय थोडा अडतो. बेर्नाउअर रस्त्यावर तर घरांच्या भिंती हीच सीमा होती. माणसं खिडक्यांतून पश्चिमेकडे उड्या टाकत होती. या भिंतीचा आपल्या विषयाशी एक संबंध आहे. पूर्वेकडून येणारे कामगार भिंतीने थांबले आणि पश्चिम जर्मनीच्या कारखान्यांना माणसं कमी पडू लागली. इतर देशांशी कामगार आणण्याचे करार आधीपासून होत होते. ऑक्टोबर १९६१मध्ये तसा करार तुर्कस्तानशीही झाला. माझ्या घराखालच्या बेकरीवाल्यांसारखी कितीतरी कुटुंबं त्या वाटेने जर्मनीत आली.

आता मोआबिटबद्दल सांगतो. पर्यटक तिकडे फारसे जात नाहीत. मी गेलो ते एका पाटीसाठी. क्रेफेल्डर रस्ता, घर क्रमांक ७. मोहम्मद हेल्मी नावाचे डॉक्टर इथे राहायचे. जन्म १९०१, खार्टूम. इजिप्शियन कुटुंबातले. १९२२ साली मेडिकल शिकायला बर्लिनला आले आणि मोआबिटच्या इस्पितळात लागले. १९३३ नंतर त्या इस्पितळातल्या ज्यू डॉक्टरांना काढून टाकण्यात आलं. हेल्मी ज्यू नव्हते म्हणून राहिले. पुढे त्यांचीही नोकरी गेली, अटकही झाली. १९४२मध्ये अ‍ॅना बोरोस नावाच्या सतरा वर्षांच्या ज्यू मुलीला न्यायची वेळ आली, तेव्हा त्यांनी तिला लपवलं. आपली भाची म्हणून लोकांना ओळख करून दिली. तिने इस्लाम स्वीकारल्याचा दाखला मिळवला, एका इजिप्शियन माणसाशी कागदोपत्री निकाहसुद्धा लावला. गेस्टापोच्या चौकशा होत राहिल्या, पण ती मुलगी युद्ध संपेपर्यंत वाचली. तिची आई, सावत्र वडील आणि आजीही वाचले. २०१३ साली इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने हेल्मींना ज्यूंना वाचवणाऱ्यांचा सन्मान दिला. हा सन्मान मिळालेले ते पहिले अरब.

पाटी वाचून माझी छाती फुगली. लगेच मोबाइल काढून फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला, ‘बघा, आपला माणूस.’ पाच मिनिटांत सतरा अंगठे आले.

आणि मग परत चालताना मन खायला लागलं. कारण याच शहरात, त्याच वर्षांत, आणखी एक प्रसिद्ध मुसलमान राहत होता. जेरुसलेमचा मुफ्ती, अमीन अल-हुसैनी. २८ नोव्हेंबर १९४१ला बर्लिनमध्ये तो हिटलरला भेटला. नाझींच्या पैशावर इथे राहिला, अरबी रेडिओवरून ज्यूंच्या द्वेषाचा प्रचार केला, बोस्नियातल्या मुसलमानांची एसएसमध्ये भरती करायला मदत केली. डॉक्टरकडे कसलीही पदवी नव्हती जी त्याला मुसलमानांचा पुढारी म्हणेल. मुफ्तीकडे होती. हेल्मींचा फोटो मी ग्रुपवर टाकला. मुफ्तीबद्दल एक ओळ टाकायची हिंमत मला झाली नाही. डॉक्टर आपला म्हणायचा असेल तर मुफ्तीही आपल्याच खात्यावर येतो. एक जमेला, एक नावे. आपण जमेची बाजू तेवढी वाचून दाखवतो.

क्रेफेल्डर रस्त्यावरून चालत वीस मिनिटांच्या आत सांक्ट योहानिस चर्च लागतं. त्या चर्चच्या इमारतीतल्या भाड्याच्या खोलीत २०१७ साली सेयरान आतेश या तुर्की वंशाच्या वकील बाईंनी एक मशीद सुरू केली. नाव ठेवलं इब्न रुश्द-गोएथे मशीद. स्त्री-पुरुष शेजारी उभे राहून नमाज पढणार, सुन्नी-शिया-अलेवी सगळ्यांना जागा, बाईनेही इमामत करायची. इजिप्त आणि तुर्कस्तानच्या धर्मखात्यांनी लगेच निषेध केला. बाईंना ठार मारायच्या धमक्या आल्या. त्या पोलीस संरक्षणात वावरतात. रस्त्यावरून ते चर्च साधंच दिसतं. मी समोरच्या फूटपाथवर उभा राहून विचार करत होतो, की मुसलमान बाईला पुरुषाच्या ओळीत उभं राहून नमाज पढण्यासाठी चर्चने जागा दिली आणि बंदूकवाल्या पोलिसाने पहारा दिला. आपल्या वस्तीत तिला ही जागा कोण देईल?

आता बर्लिनची बाजू फार उजळ करून सांगतोय असं वाटत असेल तर थांबा. क्रॉयझबर्गपासून चालत जाण्याच्या अंतरावर कोलुम्बियाडाम नावाचा रस्ता आहे. तिथे तुर्कांचं जुनं कब्रस्तान आणि शेहितलिक मशीद आहे. दोन मनोरे, हिरवट घुमट, अंगणात चहा. तिथून भिंतीपलीकडे जर्मन सैनिकांचं कब्रस्तान आहे. त्यात एक मोठा दगड, आफ्रिकेतल्या वसाहतीत मेलेल्या जर्मन सैनिकांच्या सन्मानार्थ. त्या वसाहतीत, म्हणजे आजच्या नामिबियात, १९०४ ते १९०८ दरम्यान जर्मन सैन्याने हेरेरो आणि नामा लोकांना हजारोंनी मारलं, वाळवंटात हाकलून तहानेने मारलं. त्यांच्यासाठी त्या मोठ्या दगडाच्या पायाशी एक आडवी फरशी आहे, ती २००९ साली बसवली. त्या फरशीवर नरसंहार हा शब्द नाही. जर्मन सरकारने तो नरसंहार अधिकृतपणे मान्य करायला २०२१ साल उजाडलं.

म्हणजे जर्मन माणसांचंही सगळं उघडं नाही. २००० ते २००७ या काळात नवनाझी टोळीने दहा खून केले. मेलेल्यांत आठ जण तुर्की वंशाचे होते. पोलीस वर्षानुवर्षं त्यांच्याच घरच्यांवर संशय घेत राहिले. गाझावर बॉम्ब पडत होते तेव्हा याच बर्लिनमध्ये पॅलेस्टाइनच्या बाजूच्या निदर्शनांवर बंद्या आल्या. एका पापाची आठवण ठेवणारा माणूस दुसऱ्याच्या वेदनेकडे पाठ फिरवू शकतो, हेही बर्लिनमध्ये दिसतं. आणि जे काही उघडं झालं आहे, तेही सरकारने मोठ्या मनाने दिलेलं नाही. युद्धानंतर बराच काळ पश्चिम जर्मनीत घराघरात गप्प बसायची रीत होती. ‘आम्हाला काही माहीत नव्हतं’ हे ठरलेलं उत्तर. साठीच्या दशकात मुलांनी आईबापांना विचारायला सुरुवात केली, ‘तेव्हा तुम्ही कुठे होतात?’ मध्यवर्ती स्मारक व्हायला २००५ उजाडलं. साठ वर्षं भांडून मिळवलेली ही गोष्ट आहे.

एक शेवटचं ठिकाण. डालेम हा भाग लांब आहे, मेट्रोने जाऊन मग चालावं लागतं. शांत झाडी, बंगले, मुक्त विद्यापीठ. इने रस्त्यावरच्या २२ क्रमांकाच्या इमारतीत एके काळी मानववंशशास्त्राची संस्था होती. १९२८ साली महाराष्ट्रातून एक तरुणी इथे शिकायला आली, इरावती कर्वे. मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्व मानणारे. इरावतीबाईंना काम दिलं कवट्या मोजण्याचं. युरोपीय आणि इतर वंशांच्या कवट्यांच्या ठेवणीत फरक आहे, असा फिशर यांचा कयास. बाईंनी मोजलं आणि तसा वांशिक फरक दिसत नाही असं प्रबंधात लिहून दिलं. परक्या देशात, गुलाम देशातून आलेली विद्यार्थिनी, पदवी त्याच माणसाच्या हातात, आणि तिने जे मापात आलं तेच लिहिलं. पुढे नाझी काळात याच संस्थेकडे आउशवित्झहून मेंगेलेने माणसांचे अवयव तपासायला पाठवले. आज दारावर त्याची कबुली देणारी पाटी आहे. ती पाटी वाचताना मला वाटलं, सत्यशोधक हा शब्द आपण फार मोठ्या माणसांसाठी राखून ठेवतो. खरं तर त्याचा अर्थ एवढाच आहे, की मोजल्यावर जे आलं ते लिहायचं.

कुणी मला विचारेल, आणि बरोबर विचारेल, की आज मुसलमानांवर एवढं सगळं येतंय, तेव्हा तू आपल्याच चुका काय काढत बसलास? १९९२-९३च्या मुंबई दंगलीत ९०० माणसं मेल्याची नोंद श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात आहे, त्यात ५७५ मुसलमान, २७५ हिंदू. मुंबईच्या फूटपाथवर त्यातलं एकही नाव कोरलेलं मी पाहिलेलं नाही. ते दगड मागायलाच हवेत, आणि ते मागणं सरकारकडे आणि बहुसंख्य समाजाकडे आहे. त्यात मी एक पाऊल मागे नाही. पण तो दगड मागताना माझ्या स्वतःच्या उंबऱ्यासमोरची जागा मी मोकळी ठेवली, तर माझ्या मागण्याला वजन कुठून येणार?

तर आता घरातली गोष्ट. ज्यांची ती आहे त्यांची परवानगी घेऊन सांगतोय.

माझी फुफी, अब्बांची मोठी बहीण. १९८४ साली तिच्या नवऱ्याने तिला दोन मुलांसह माहेरच्या दारात सोडलं आणि अंगणात उभ्या-उभ्या तीन वेळा तो शब्द म्हणून निघून गेला. जमातीच्या बुजुर्गांनी सांगितलं, झालं ते झालं, सबर करो. दुसऱ्या वर्षी शाहबानो प्रकरणात सुप्रीम कोर्टाने पोटगीचा निकाल दिला. त्या निकालाच्या विरोधात मोर्चा निघाला, त्यात आमचे दादा पहिल्या रांगेत होते. त्यांच्या घरात त्यांची मुलगी शिलाई मशीन चालवून दोन मुलं पोसत होती, आणि ते शरियत वाचवायला रस्त्यावर होते. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी सात मुसलमान बायकांचा मोर्चा मंत्रालयावर नेला होता, त्याला तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती. आमच्या घरात दलवाईंचं नाव घ्यायलाही बंदी होती.

दादा २००१ साली गेले. घराची वाटणी झाली. शरियतप्रमाणे मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा आहे. फुफीला तोही मिळाला नाही. तिच्याकडून हक्कसोडपत्र सही करून घेतलं. ज्या शरियतसाठी मोर्चा निघाला, ती शरियत आमच्या घरात दहा फुटांच्या भिंतीपाशी थांबली. २००६ साली अब्बांनी आपल्या वाट्याची अर्धी जागा विकली. त्याच वर्षी मला इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला होता. चार वर्षांची फी आणि हॉस्टेल त्या पैशातून झालं. म्हणजे माझी डिग्री, माझी नोकरी, बर्लिनचं तिकीट, या सगळ्यात फुफीचा हिस्सा आहे. मी तेव्हा लहान होतो, मला माहीत नव्हतं, हे खरं आहे. पण ‘आम्हाला माहीत नव्हतं’ हे उत्तर मी बर्लिनमध्ये फार वेळा वाचलं होतं.

परत आल्यावर मी अब्बांकडे तो कागद मागितला. ते तीन आठवडे माझ्याशी नीट बोलले नाहीत. एका रात्री जेवणानंतर त्यांनी पिशवीतून कागद काढून माझ्यासमोर ठेवला आणि उठून गेले. मी तो घेऊन फुफीकडे गेलो. तिला सही करता येते, पण तेव्हा तिला कागद वाचून कुणी दाखवला नव्हता. मी वाचून दाखवला. ‘मी राजीखुशीने, कोणत्याही दडपणाविना, भावांवरील नैसर्गिक प्रेमापोटी माझा हक्क सोडत आहे.’ ती ऐकत होती. मग म्हणाली, “मेरेकू तो बोले थे, वारस नोंद का कागज है.” आणि जरा वेळाने, “मोहब्बत लिखे क्या उसमें? किसकी मोहब्बत रे?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आजची स्थिती सांगतो. अब्बा त्यांच्याकडे उरलेल्या जागेतून फुफीचा हिस्सा तिच्या नावे करायला तयार झाले आहेत. दोन्ही चाचा तयार नाहीत. एकाने माझं त्यांच्या घरी येणं बंद केलं आहे. विकलेल्या जागेचं जे होतं ते मी दर महिन्याला फेडतोय. त्याला मी मदत म्हणत नाही, हप्ता म्हणतो. तिनेही तो शब्द मान्य केला आहे.

शेवटी एक सुचवतो. बर्लिनच्या दगडांचं काम सरकारपासून सुरू झालं नाही, आपल्या घरात आधी कोण राहत होतं हे शोधणाऱ्या भाडेकरूंनी आणि मुलांनी ते पुढे नेलं. या हॉलमध्ये आज ऐंशी-नव्वद माणसं आहेत. प्रत्येकाने आपल्या घरातलं एक हक्कसोडपत्र शोधावं. एक तलाक, एक न दिलेली मेहर, शाळेतून काढलेली एक बहीण. तारीख लिहावी, तेव्हा कोण काय म्हणालं ते लिहावं, आणि त्या बाईची परवानगी असेल तरच चळवळीच्या वहीत नोंदवावं. दुसऱ्याच्या घरातलं कुणी आणू नये. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा असं आपण म्हणतो. पण पुढच्याने ठेच लागल्याचं सांगितलंच नाही, तर मागचा शहाणा कसा होणार? त्या वहीचं पहिलं पान मी भरून आणलं आहे. ते अध्यक्षांकडे देतो आणि थांबतो.